फॅरेडेच्या हातातले दोन धागे

एक रुपया लावला आणि त्याचे चौऱ्याहत्तर हजार झाले, असे कुणी सांगू लागला तर शहाणा माणूस आधी खिसा सांभाळतो. गावोगावच्या बुडालेल्या फंडांनी आपल्याला तेवढे शहाणपण तरी दिले आहे. मोबाईलवर 'पाण्यावर चालणारी गाडी' येते तेव्हाही आपण हसून पुढे जातो. (सगळे जात नाहीत, पण ते असो.) म्हणून १९८९ साली ग्रीसमधल्या पात्रास विद्यापीठातून जो आकडा छापून आला, तो पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर नवल नाही.

प्रयोग असा होता. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकच्या तुकड्यावर प्लॅटिनमचा पातळ, सच्छिद्र थर. त्यावरून इथिलीन आणि ऑक्सिजन हे वायू वाहताहेत. तापमान ३७० अंश सेल्सिअस. प्लॅटिनमवर इथिलीन आपोआपच मंद गतीने जळत होते. मग सिरॅमिकमधले ऑक्सिजनचे आयन प्लॅटिनमकडे सरकतील अशा दिशेने १ मायक्रोअ‍ॅम्पिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, इतका प्रवाह सोडला. इथिलीन जळण्याचा वेग २६ पट झाला. खालून आलेल्या प्रत्येक ऑक्सिजन आयनामागे वर सुमारे ७४,००० जास्तीचे ऑक्सिजन अणू अभिक्रियेत उतरत होते.

हा दावा टिकला. तो का टिकला, याची ही गोष्ट आहे, आणि ती धातूच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन कसा बसतो आणि कसा उठून जातो, एवढ्याच गोष्टीभोवती फिरते. मी भाषेचा शिक्षक, रसायनाचा नव्हे. पण या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना. या शोधाचे दोन्ही अर्धे भाग दीडशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या हातात होते.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. मराठीत शोषण म्हटले की आपल्याला सावकार आठवतो. विज्ञानात शोषण म्हणजे फडक्याने पाणी पिणे. पाणी आत मुरते. आत न मुरता नुसते वर बसणे याला अधिशोषण म्हणतात. आरशावर वाफ बसते तसे काहीसे. 'काहीसे' एवढ्यासाठी म्हटले की ऑक्सिजन प्लॅटिनमवर बसतो तेव्हा तो नुसता टेकत नाही. हवेत ऑक्सिजनचे दोन अणू हातात हात घालून फिरत असतात. तापलेल्या प्लॅटिनमवर येताच ते एकमेकांचा हात सोडतात आणि प्रत्येक जण धातूचा हात धरतो. सुटा झालेला हा अणू मग दुसऱ्या कुणाशी जुळायला तयार असतो. पुरेशी उष्णता दिली तर दोन अणू पुन्हा जोडी करून उडून जातात. बसणे आणि उठणे, एवढेच. मात्र किती घट्ट बसला आणि किती सहज उठला, यावर सगळे अवलंबून असते. फार घट्ट बसला तर कामाला येत नाही. नीट बसलाच नाही तरी कामाला येत नाही.

प्लॅटिनमची ही करामत प्रथम पाहिली हम्फ्री डेव्हीने. खाणीतल्या कामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवताना त्याच्या लक्षात आले की ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली तर ज्योत नसतानाही ती लाल होऊन राहते. हे १८१७ साली प्रसिद्ध झाले. १८२३ मध्ये येना येथे डोबेरायनरने प्लॅटिनमच्या भुकटीवर हायड्रोजनची धार सोडली आणि ती धार पेटली. त्यावर त्याने काडीशिवाय पेटणारा दिवाही केला, तो युरोपात चांगला खपला. बर्झेलियसने १८३५ साली अशा क्रियांना ग्रीक मुळावरून नाव दिले, ज्याचा अर्थ 'सैल करणे, सोडवणे' असा होतो. मराठीत आपण अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतो. उर्दू माध्यमाच्या पुस्तकात 'अमल-अंगेज़' असा शब्द येतो, अमलाला चेतवणारा. दोन्ही शब्द सुंदर आहेत, पण बर्झेलियसचा 'सैल करणे' हा अर्थ ध्यानात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आता मायकेल फॅरेडे. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, आणि ज्या डेव्हीचा वर उल्लेख आला त्याचाच मदतनीस. १८३३-३४ या काळात त्याने काय काय केले हे पाहिले तर दमायला होते. याच महिन्यांत त्याने विद्युत् अपघटनाचे नियम मांडले: जितका विद्युत्भार सोडाल तितक्याच प्रमाणात पदार्थ निघेल, पै-पैचा हिशेब. इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट, आयन हे शब्द विल्यम व्ह्यूएल या विद्वानाच्या मदतीने त्याने याच सुमारास रूढ केले.

याच काळातली पहिली बाब. सिल्व्हर सल्फाईड हा घन पदार्थ तापवला तर त्यातून वीज अधिक चांगली वाहते, असे त्याला १८३३ मध्ये दिसले. धातूंचे उलट असते. ते तापले की वीज कमी वाहते. पुढे लेड फ्लोराईड हा घनही तापल्यावर वीज वाहू देतो, हे त्याने नोंदवले. द्रव नाही, पाणी नाही, आणि तरीही आतून आयन सरकताहेत. यालाच आज घन इलेक्ट्रोलाइट म्हणतात.

दुसरी बाब. पाण्याचे अपघटन करून नळीत जमवलेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन नुसते ठेवले असता हळूहळू कमी होत होते. नळीत प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. त्याने शोध घेतला तेव्हा कळले की वायू गळत नाहीत, पट्टीवर त्यांचे पुन्हा पाणी होत आहे. आणि हा गुण विशेषकरून धन ध्रुव म्हणून वापरलेल्या पट्टीत होता. म्हणजे वीज दिलेली पट्टी अधिक कामसू झाली होती! फॅरेडेने मग आम्ल, क्षार, उष्णता अशा निरनिराळ्या उपायांनी पट्ट्या घासूनपुसून पाहिल्या आणि दाखवून दिले की स्वच्छ पृष्ठभाग मिळाला की वीज न देताही तीच ताकद येते. वीज फक्त सफाई करते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. त्याच्या प्रयोगापुरता तो निष्कर्ष बरोबर होता, हे मुद्दाम सांगायला हवे. पण धातूवर बसणारा वायू आणि तापलेल्या घनातून वाहणारे आयन, हे दोन धागे एकाच टेबलावर, एकाच हातात, एका वर्षाच्या अंतराने होते. त्याने ते जोडले नाहीत. जोडण्याचे काही कारणही तेव्हा नव्हते.

पुढचे पाऊल एका दिव्याने टाकले. वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ च्या सुमारास झिर्कोनियात थोडी यट्रिया मिसळून एक कांडी केली. थंड असताना तिच्यातून वीज वाहत नाही. आधी तिला तापवावे लागे. एकदा का ती तापली की प्रवाह सुरू होई आणि ती लखलखीत उजळे. एडिसनच्या दिव्यासारखी तिला निर्वात काचेची गरज नव्हती, कारण ती आधीच जळून झालेल्या धातूची, म्हणजे ऑक्साइडची होती. १८९९ साली नर्न्स्टने सांगितले की या कांडीतून वीज वाहून नेतात ते ऑक्सिजनचे आयन.

झिर्कोनिया हा शब्द ऐकून उर्दू वाचकाने कान टवकारावेत. झिरकॉन या खड्याच्या नावामागे फारसी 'ज़रगून' आहे: ज़र म्हणजे सोने, गून म्हणजे रंग; जसे गुलाबाच्या रंगाचे ते 'गुलगूँ'. अरबीतून फिरत तो युरोपात गेला, आणि १७८९ साली क्लाप्रोटने या खड्यात नवे मूलद्रव्य ओळखून त्याला झिर्कोनियम म्हटले. मराठीतली जरी, जरतार आणि पेशव्यांचा जरीपटका हे सगळे याच 'ज़र'चे भाऊबंद. पैठणीचा पदर आणि नर्न्स्टची कांडी यांचे आडनाव एक निघते.

त्या कांडीच्या दोन्ही टोकांना तारा जोडलेल्या असत, आणि त्या प्लॅटिनमच्या असत. म्हणजे १९०० च्या आसपास ज्या ज्या घरात नर्न्स्टचा दिवा लागला, त्या त्या घरात प्लॅटिनम आणि झिर्कोनिया एकमेकांना टेकून तापलेले होते, आणि हवेतला ऑक्सिजन एका टोकाला आत शिरून दुसऱ्या टोकाला बाहेर पडत होता. लोक त्या उजेडात वर्तमानपत्र वाचत होते.

दिवा फार काळ चालला नाही. टंगस्टनच्या तारेने त्याला बाजारातून घालवले. आणि गंमत पाहा, ऑक्सिजन धातूवर कसा बसतो याचे पहिले नीट उत्तर या टंगस्टनच्या दिव्यातूनच आले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आयर्व्हिंग लँगम्युर दिव्याचा तपास करत होता. त्याला दिसले की टंगस्टनवर ऑक्सिजन थरावर थर चढवत नाही. एक अणूभर जाडीचा एकच थर बसतो आणि तो विलक्षण घट्ट असतो. पृष्ठभाग म्हणजे ठरावीक जागांची बैठक. जागा भरल्या की भरल्या. १९१५ ते १९१८ या वर्षांत त्याने हा हिशेब मांडला आणि १९३२ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

नर्न्स्टच्या कांडीत आयन सरकतात ते कसे, हे मात्र १९४३ पर्यंत गूढच होते. महायुद्ध चालू असताना कार्ल वाग्नरने उत्तर दिले. झिर्कोनियमच्या आयनावर चार भार, यट्रियमच्या आयनावर तीन. झिर्कोनियमच्या जागी यट्रियम बसवला की हिशेब जुळवायला, दर दोन यट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेत शेजारचा ऑक्सिजन सरकतो, त्याच्या जागेत त्याच्या शेजारचा. खच्चून भरलेल्या एसटीत एक सीट रिकामी झाली की मागून पुढे सगळे सरकत येतात, तसे.

वाग्नरनेच १९७० साली सुचवले की उत्प्रेरक धातूचा थर झिर्कोनियावर चढवून व्होल्टमीटर लावावा. अभिक्रिया चालू असताना धातूवर बसलेला ऑक्सिजन किती 'जोरात' आहे हे त्या व्होल्टेजवरून कळेल. फॅरेडेचे दोन्ही धागे इथे पहिल्यांदा जाणीवपूर्वक एकत्र आले, पण फक्त मोजण्यासाठी. मोजमापाच्या याच जातीची वस्तू १९७६ मध्ये व्होल्व्होच्या मोटारींत बॉश कंपनीने बसवली. तिला लॅम्डा सेन्सर म्हणतात. आपल्याकडे गॅरेजवाले तिला 'ओटू सेन्सर' म्हणतात, आणि २०२० साली बीएस-६ लागू झाल्यापासून ती मोटारसायकलींतही सर्रास आली आहे. झिर्कोनियाची छोटी टोपी, आतून-बाहेरून प्लॅटिनम. धुरात ऑक्सिजन शिल्लक असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, इंधन जास्त झाले तर ०.९ च्या आसपास. चिखलाने भरलेल्या सायलेन्सरच्या वर नर्न्स्टचा दिवा अजून तापतो आहे, फक्त उजेड देत नाही.

मोजण्याऐवजी ढकलून पाहू, असे ज्यांना वाटले ते दोघे ग्रीक. अमेरिकेत एमआयटीमध्ये कोस्टास व्हायेनास आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल स्तूकिडेस हे चांदीच्या थरावर इथिलीनची अभिक्रिया अभ्यासत होते. इथिलीन म्हणजे आंबा-केळी पिकवणारा वायू. चांदीवर त्याचे इथिलीन ऑक्साइड होते, ज्यापासून पॉलिस्टरचा कच्चा माल मिळतो आणि ज्याने शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक करतात. व्होल्टमीटरच्या जागी त्यांनी बॅटरी लावली. अपेक्षा साधी होती: जितके आयन ढकलू तितकी अभिक्रिया वाढेल, फॅरेडेच्या नियमाप्रमाणे. वाढली ती कितीतरी पट अधिक. हे १९८१ साली प्रसिद्ध झाले.

व्हायेनास पुढे पात्रासला गेले. पात्रास ही काही अथेन्स नाही, बंदराचे गाव आहे. तिथे बेबेलिस, नेओफितिदेस आणि इतरांबरोबर त्यांनी एकामागून एक धातू आणि अभिक्रिया तपासल्या. १९८८ मध्ये त्यांनी या परिणामाला लांबलचक इंग्रजी नाव दिले. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो 'नेम्का', आणि त्यातले पहिलेच अक्षर 'फॅरेडेचा नियम न पाळणारा' या अर्थाचे आहे! ज्याच्या हातात दोन्ही धागे होते त्याचे नाव या शोधात आले ते नकार देण्यासाठी. मराठी कानाला 'नेम्का' हा 'नेमका' वाटतो हा निव्वळ योगायोग, पण वर्गात सांगितले की मुले नाव विसरत नाहीत.

आता मूळ प्रश्न. एकाचे ७४,००० कसे? फुकटची ऊर्जा आली का? नाही. इथिलीन आणि ऑक्सिजन स्वतःहून जळायला तयारच असतात, ऊर्जा त्यांची. धरणाचा दरवाजा उघडणाऱ्याची ताकद आणि धरणातले पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. पण दरवाजा नेमका कुठला, हे दाखवल्याशिवाय दावा अर्धाच राहतो. ते दाखवण्यासाठी त्यांनी ऑक्सिजनला उठवून पाहिले.

पद्धत सोपी आहे, धीर मात्र लागतो. निर्वात पेटीत प्लॅटिनमच्या थरावर ऑक्सिजन बसवायचा, थंड करायचे, आणि मग एका ठरावीक गतीने तापवत न्यायचे. कुठल्या तापमानाला किती ऑक्सिजन सुटतो ते उपकरणाने मोजायचे. दावतीत दस्तरख्वान उचलला की काही पाहुणे लगेच चपला शोधतात, काही तक्क्याला टेकून बसतात. कोण कधी उठतो यावरून कोण किती रुळलेला आहे ते कळते. १९९५ साली नेओफितिदेस आणि व्हायेनास यांनी हे छापले. वायूतून बसवलेला ऑक्सिजन एका टप्प्यात सुटला. खालून, झिर्कोनियातून ढकललेला ऑक्सिजन जास्त तापमानाला सुटला. तो अधिक घट्ट होता. पण खरी गोष्ट दोन्ही एकत्र असताना दिसली. खालून आलेला घट्ट बसला, आणि त्याच्या शेजारी वायूतून आलेला ऑक्सिजन आधीपेक्षा कमी तापमानालाच उठू लागला. त्याची पकड सैल झाली होती.

बर्झेलियसचा शब्द आठवा. खालून आलेले आयन थराच्या कडेपासून प्लॅटिनमभर पसरतात, स्वतः फारसे जळत नाहीत, पण शेजाऱ्यांची बैठक सैल करतात. सैल झालेला ऑक्सिजन इथिलीनला पटकन मिळतो. खालचा एक अणू शेवटी जळून जाईपर्यंत वरचे ७४,००० येऊन जळून गेलेले असतात. हा आकडा चमत्काराचा नाही, दोन प्रकारच्या ऑक्सिजनच्या आयुष्यांचे ते गुणोत्तर आहे. प्रयोगाच्या आकड्यांवरून आणखी एक हिशेब निघतो. त्या थरावर ऑक्सिजनसाठी जितक्या जागा होत्या, त्या १ मायक्रोअ‍ॅम्पिअरने भरायला साधारण १३ ते १४ मिनिटे लागतात. अभिक्रियेचा वेगही कळ दाबताच उडी मारून वाढला नाही, याच मापाच्या वेळात सावकाश चढत गेला. लबाडी किंवा मोजमापाची चूक असती तर हे दोन स्वतंत्र हिशेब असे जुळले नसते. मला या सगळ्या कथेत हा पुरावा सर्वांत आवडतो, ७४,००० च्या आकड्यापेक्षाही.

तरी शंका राहिली की घट्ट बसलेला ऑक्सिजन खरोखर खालून आलेलाच कशावरून? २००४ मध्ये पात्रासच्याच गटाने जड ऑक्सिजन वापरला. वायूतून १८ वजनाचा दिला, झिर्कोनियात नेहमीचा १६ वजनाचा होता. उठताना प्रत्येकाचे वजन मोजले की तो कुठल्या दारातून आला ते समजते. घट्ट जागांवर सिरॅमिकमधलाच ऑक्सिजन सापडला.

सगळ्यांना हे पटले असे नाही. जर्मनीत हॅनोव्हरच्या रोनाल्ड इंबिल आणि सहकाऱ्यांनी खास सूक्ष्मदर्शकाने झिर्कोनियावरच्या प्लॅटिनमचे निरीक्षण केले. खालून येणारा ऑक्सिजन पृष्ठभागावर पसरताना त्यांना दिसला, एवढे मान्य. पण त्यांच्या निर्वात पेटीत तो वायूतून बसलेल्या ऑक्सिजनपेक्षा वेगळा काही आढळला नाही. मग तो 'घट्ट पाहुणा' कुठे गेला? निर्वात पेटी आणि हवेच्या दाबाखालची भट्टी यांत फरक पडतो, असे एक उत्तर. प्रत्यक्ष दाबाखाली त्याला पकडून दाखवा, असे त्यावर प्रत्युत्तर. दोन्ही बाजू प्रयोग करून बोलतात, म्हणून हा वाद वाचायला बरा वाटतो.

कारखान्यांत मात्र नेम्का अजून रुजलेला नाही. कारण फार खोल नाही. कारखान्यातला उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण, जवळजवळ प्रत्येक अणू कामाला लावलेला. इथे सलग थर हवा, त्यामुळे बहुतेक प्लॅटिनम पोटात गाडले जाते आणि वरचे तेवढे काम करते. शिवाय प्रत्येक तुकड्याला तारा जोडायच्या. पात्रासमध्ये २००४ च्या सुमारास पातळ पट्ट्या एकाशेजारी एक रचलेली अणुभट्टी नव्हे, तर साधी रासायनिक भट्टी तयार झाली. तिच्यात सुमारे ४० नॅनोमीटर जाडीचे थर होते, आणि सगळ्या पट्ट्यांना मिळून दोनच विद्युत् जोडण्या पुरल्या.